तेरा बिऱ्हाडांचे बेट

गेल्या ज्येष्ठात, पाऊस अगदी तोंडावर आलेला असताना, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडीवर महापालिकेची नोटीस लागली. इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा नाही तर उतरवून घ्या, अशा अर्थाची. जुन्या पेठांतून पावसाळ्याच्या आधी अशा नोटिसा लागतातच. आमच्याकडे त्यांची भीती कोणाला उरली नव्हती. वडील हयात होते तेव्हा ते नोटीस शांतपणे वाचीत, तिच्या चार घड्या घालीत, पंचांगाच्या मागे खोचीत आणि कौले चाळणाऱ्याला निरोप धाडीत. यंदा मात्र नोटिशीला आठ दिवस होतात न होतात तोच मागच्या चौकातल्या भिंतीने अंग टाकले. रात्री पावणेदोनचा सुमार. कोणाला लागले नाही एवढे नशीब. सकाळी सगळी बिऱ्हाडे चौकात जमली. एके काळी तेरा होती, आता सात आहेत. त्या पांढऱ्या मातीच्या ढिगाकडे बराच वेळ पाहून झाल्यावर जिन्याखालच्या मास्तरीणबाई मला म्हणाल्या,

"आता काय ते तुम्ही ठरवा, अण्णा. मालक तुम्ही."

सत्तरी ओलांडेपर्यंत मी या शब्दाचा नीट विचार केला नव्हता. मालक म्हणजे काय, तर दरमहा पावत्या फाडणारा, पागोळी गळू लागली की ज्याच्या नावाने शंख करायचा तो, आणि सकाळी संडासापुढच्या रांगेत इतरांसारखाच हातात बादली घेऊन उभा राहणारा गृहस्थ. आमचे आजोबाही त्या रांगेत उभे राहिले होते.

वाडा तसा नाव घेण्याजोगा नाही. तो कोणा सरदाराचा नव्हे, त्याला विश्रामबागेसारखा कोरीव दर्शनी भाग नाही. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, वर कडीपाट, भिंती विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या. दिंडीतून आत आले की देवडी, मग पुढचा चौक, त्याच्या तिन्ही अंगांना ओसरी. बोळातून गेले की मागचा चौक, तेथे विहीर आणि न्हाण्या. आमच्या लहानपणी वाड्याला लागून वाडे होते, एकाच्या माळ्यावरून दुसऱ्याच्या माळ्यावर मांजरांबरोबर आम्हीही जात असू. आता उजवीकडे सहा मजली, डावीकडे सात मजली आणि मागे बँकेच्या पाटीची एक काचेची इमारत आहे. आमच्या चौकात ऊन येते ते दुपारी बारा ते दीड. वरच्या मजल्यांवरून कोणी खाली पाहिले तर त्यांना कौलांचा एवढासा तांबडा तुकडा दिसत असेल. समुद्रात बेट दिसावे तसा.

हे बेटाचे म्हणणे मी काही आज शोधलेले नाही. ते वडिलांचे. १२ जुलै १९६१ ला आमचा वाडा अक्षरशः बेट झाला होता. मी नऊ वर्षांचा होतो. आंबी नदीवरचे पानशेतचे धरण सकाळी फुटले. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवण्याची शर्थ केली होती. पण बांध गेलाच, आणि ते पाणी पोटात न मावून खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. शाळेत निघालेली आम्ही पोरे ओंकारेश्वराच्या बाजूने लोक धावत येताना पाहून परत फिरलो. थोड्या वेळाने पाणी दिंडीतून पाहुण्यासारखे आत आले, चौकात थोडे घुटमळले आणि मग जिन्याच्या पायऱ्या चढू लागले. तळमजल्याची सगळी बिऱ्हाडे वर आमच्या दोन खोल्यांत आली. मास्तरांनी आपले देव टोपीत घालून आणले होते. दामटून बसवलेली म्हातारी माणसे, रडणारी तान्ही, कोणाच्या तरी कडेवर शिवणाचे यंत्र! माळवदावरून दिसत होती फक्त छपरे आणि मधून तांबडे, गढूळ, वाहते पाणी. वडील म्हणाले, "आपले बेट झाले." ते चेष्टेने म्हणाले की भीतीने, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

रात्री पाणी ओसरले आणि मागे गुडघाभर चिखल राहिला. गंमत अशी, की ज्या पाण्याने घरे बुडवली तेच पाणी दुसऱ्या दिवशी पुणेकरांना प्यायला मिळेना. खडकवासला गेले, नळ कोरडे पडले. मग विहिरींना आणि जुन्या हौदांना दिवस आले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणले होते, त्या हौदांची आठवण तेव्हा कित्येकांना नव्याने झाली. आमची विहीर तेरा बिऱ्हाडांनी मिळून उपसली. चिखल, भांडी, एक सायकल, कोणाचा तरी पाट असे काय काय निघाले. तीन दिवस सर्वांचा स्वयंपाक एकाच चुलीवर झाला आणि त्या तीन दिवसांत कोणी कोणाच्या हातचे खातो की नाही हा प्रश्न निघाला नाही. चौथ्या दिवशी निघाला. तेही सांगितले पाहिजे.

कारण वाड्यांविषयी लिहिताना लेखण्या फार लवकर ओल्या होतात. एकाच्या घरचे लोणचे सात घरी जायचे, एकाच्या मुलीचे लग्न सगळ्या वाड्याचे असायचे, हे खरेच आहे. पण तेरा बिऱ्हाडांत संडास दोन होते. नळाला पाणी पहाटे यायचे आणि पहिला हंडा कोणाचा यावरून झालेली भांडणे तीन-तीन वर्षे पुरत. नव्या सुनेला नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर पर्वतीला जावे लागे. कोण कोणाकडे किती वाजता आले, किती वाजता गेले, याची नोंद ओसरीवर बसलेल्या चार म्हाताऱ्या चित्रगुप्तापेक्षा चोख ठेवीत. जागा रिकामी झाली की ती कोणत्या जातीच्या माणसाला द्यायची हे आधीच ठरलेले असे. पाटी लावायचीही गरज नसे. माझी बायको ज्या दिवशी स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोलीत आली, त्या दिवशी तिने देवापुढे साखर ठेवली होती. वाड्याच्या आठवणीने पुरुषांचे डोळे भरून येतात. बायकांचे त्या मानाने कमी येतात, असे माझे निरीक्षण आहे.

पुरानंतर आमची चार बिऱ्हाडे गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उठत होत्या. टेकडीच्या पायथ्याशी माळरान, जवळ दुकान नाही, बस नाही, संध्याकाळी कोल्हे ऐकू येतात, असे पहिल्या रविवारी परत भेटायला आलेले लोक सांगत. मागच्या खोलीतल्या काकू तर वर्षभर रोज दुपारी दोन मैल चालून आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि दिवेलागणीला परत जात. त्यांना तिकडे आपले घर होते, दार होते, संडास होता. ओसरी नव्हती. आज त्याच भागात जागेचे भाव ऐकून माणूस खाली बसतो. पण त्या वेळी पेठ सोडून जाणाऱ्यांची आम्ही कीव केली होती.

आता पैशाचे बोलतो. वाडे का पडले, याचे उत्तर लोक पावसाला विचारतात. खरे म्हणजे ते पावतीपुस्तकाला विचारले पाहिजे. युद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली, भाडी भडकू नयेत म्हणून निर्बंध आले आणि पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते तेच जुन्या जागांचे प्रमाण भाडे ठरले. कायदा चांगल्या हेतूने केला होता आणि त्याने लाखो गरिबांचे छप्पर राखले, हे मी मालक असूनही कबूल करतो. पण ती तात्पुरती सोय पन्नास वर्षे तात्पुरतीच राहिली. आमच्या दोन खोल्यांचे भाडे बारा रुपये, मास्तरांच्या जिन्याखालच्या खोलीचे सात. सुताराची एका दिवसाची मजुरी साऱ्या वाड्याच्या महिन्याच्या भाड्याएवढी झाली, तेव्हा वडिलांनी तुळई बदलायचे सोडून तिला टेकू लावला. पुढच्या वर्षी टेकूला टेकू लावला. गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्यावर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो २००० सालच्या मार्चअखेर लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. बारा रुपयांवर चार टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे! पंचवीस वर्षे ही वाढ इमानाने केली तर बाराचे तिशीच्या थोडे पुढे जातात. तेवढ्यात आज दोन माणसांचा अमृततुल्य चहा होतो, बरोबर खारी घ्यायची नाही.

पण याच कायद्याने शेजार टिकवला, ही दुसरी बाजू. सात रुपयांची खोली कोण सोडील? माणसे साठ-साठ वर्षे एका जागी राहिली, म्हणून एकमेकांची झाली. भिंत ज्या कारणाने कुजली, त्याच कारणाने भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसे जोडलेली राहिली. मला यात कोणाला दोष द्यावा हे कळत नाही.

मुंबई बेटावरच्या जुन्या चाळींना निदान एक आधार आहे. तेथे उपकर घेतात आणि दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळ केले. पुण्याच्या वाड्यांना तसे मंडळ नाही. येथे मालक, भाडेकरू आणि वरून पाऊस असे तिघेच. त्यातून वाडा थोर निघाला तर गुंता आणखी थोर. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या जागेवर राष्ट्रीय स्मारक व्हावे याबद्दल दुमत नव्हते. पण तेथे दुकाने होती, भाडेकरू होते, हक्क होते. प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले, २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात मिटले आणि डिसेंबरात ती वास्तू उतरवली गेली. तोवर तिच्यात उतरवण्यासारखे फारसे उरलेही नव्हते. माझ्या आत्याच्या घराची कथा निराळी. त्यांचा वाडा शनिवारवाड्याच्या शंभर मीटरांच्या आत. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या पुरातत्त्व कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या इतक्या जवळ नवे बांधकाम करता येत नाही. परवानगी काढून डागडुजी करा, एवढेच. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला तेव्हा माझ्या आत्याचा विचार त्याने केला नसणार. तिचे भाचे-पुतणे आज ताडपत्रीखाली राहतात आणि शनिवारवाडा पाहायला आलेले लोक त्यांच्या दारात गाड्या लावतात.

आम्हाला तशी आडकाठी नव्हती. म्हणून भिंत पडल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक बिल्डर आले. माणूस गोड बोलणारा. चपला बाहेर काढून आला, चहा बशीत ओतून प्यायला. त्याच्याबरोबर टेप घेतलेली दोन मुले होती. त्यांनी प्रत्येकाची खोली मोजली, आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत. सातही बिऱ्हाडे आपापल्या दारात श्वास रोखून उभी होती. ज्या माणसांनी साठ वर्षे मिठापासून बाळंतविड्यापर्यंत काही मोजून दिले-घेतले नव्हते, ती त्या दुपारी कोनाडा धरला की नाही, पोटमाळा धरला की नाही, यावर हमरीतुमरीवर आली. देवडीतल्या टेलरमामांनी वीस वर्षांपूर्वी ओसरीवर एक फळी टाकून कापड ठेवायला जागा केली होती. ती त्यांची की सर्वांची यावरून समोरच्या बिऱ्हाडाशी त्यांचे बोलणे थांबले ते थांबलेच. दोघे रोज एकाच बाकावर बसून एकच वर्तमानपत्र वाचत. आता दोन घेतात.

रात्री बिल्डरने मला कागद दाखवला. सातही भाडेकरूंच्या खोल्यांची बेरीज एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मोठा आकडा. "हे काय?" मी विचारले. "हे तुमचे, अण्णा," तो म्हणाला. "दोन्ही चौक, ओसऱ्या, देवडी, बोळ, जिना, विहिरीची जागा. भाडेकराराप्रमाणे कोणाच्याच ताब्यात नाही. जागा मालकाची, तिचे चटईक्षेत्र मालकाचे. त्यावरच तर वरचे मजले उभे राहणार."

चटईक्षेत्र! आमच्या चौकात उन्हाळ्यात खरोखरच चटया पडत. वैशाखात रात्री सगळा वाडा चौकात झोपायला यायचा. तेथेच मास्तरांनी तीन पिढ्यांना पाढे शिकवले, पैसे न घेता. तेथे मुंजी झाल्या, पापड वाळले, दहा दिवस गणपती बसला, आणि माझ्या आईला शेवटचे ठेवले तेही तेथेच. वाडा वाडा म्हणतात तो खोल्यांत नव्हताच, तो त्या मोकळ्या जागेत होता. आणि त्या जागेवर इतर कोणाचाही कागदोपत्री एक इंचाचा हक्क नाही, सारी माझी एकट्याची आहे, हे मला त्या रात्री कळले. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटे कशाला बोलू?

त्या कागदात सहा नावांपुढे फ्लॅटचे आकडे होते. सातव्या नावापुढे 'रोख' असे लिहिले होते. जिन्याखालची खोली नऊ बाय बारा, म्हणजे एकशे आठ चौरस फूट. "एवढ्याचा फ्लॅट नकाशात बसत नाही," बिल्डर म्हणाला. "आणि बाईंचे वय पाहता... चांगली रक्कम देऊ." रक्कम खरोखर चांगली होती. मास्तरीणबाई १९५८ साली लग्न होऊन त्या खोलीत आल्या. मास्तर गेले, मूलबाळ नाही. आज त्या पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मी दुसऱ्या दिवशी त्यांना रकमेचे सांगितले. त्या गहू निवडीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पैसे घेऊन मी कुठे बसू, अण्णा? पैशाला ओसरी असते का?"

मुलाशी बोललो. तो बाणेरला राहतो, हिशेबी आहे, वाईट नाही. म्हटले, आपल्या वाट्यातले दोनशे फूट त्यांच्या खोलीला जोडून एक लहानसे घर त्यांच्या नावे करावे. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, त्या दोनशे फुटांचा आजचा भाव तुम्हाला माहीत आहे? आणि तीन वर्षांनी इमारत होईल तेव्हा..." पुढचे त्याने उच्चारले नाही. मलाही ते ठाऊक होतेच. त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. म्हणूनच मला राग आला. आठ दिवस आमच्या घरात फोनवर फक्त हवापाण्याचे बोलणे झाले. शेवटी सून मध्ये पडली. ती म्हणाली, "यांना पाढे कोणी शिकवले होते?" एवढ्यावर विषय मिटला असे नाही, पण मुलाने पुढच्या रविवारी नकाशा मागवून घेतला आणि स्वतः पट्टी घेऊन बसला. करार नोंदवायच्या वेळी मास्तरीणबाईंचे नाव इतर सहांसारखेच लिहिले गेले. पर्यायी जागा म्हणून पेठेतच दोन गल्ल्या सोडून एक जुनी जागा मिळाली आहे. तेथे त्या आमच्याच बिऱ्हाडात राहतील.

नकाशा त्यांना समजावून सांगताना त्यांनी एकच शंका काढली. दारासमोर चार फुटांचा पॅसेज दाखवला होता. "येथे खुर्ची टाकून बसले, तर कोणी हरकत घेईल का?" आर्किटेक्ट तरुण पोरगी होती. ती म्हणाली, आगीच्या नियमाप्रमाणे पॅसेज मोकळा ठेवावा लागतो, आजी. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग दार उघडे ठेवीन आणि उंबऱ्याच्या आत बसेन." विहिरीचे मात्र जमले नाही. तिच्यावर लिफ्टचा खड्डा येतो, असे सांगतात.

तुळशीच्या लग्नानंतर वाडा उतरवायला घेतील. टेलरमामांनी यंदा दिवाळीची शिवणकामे घेतली नाहीत. कंदील मात्र प्रत्येक बिऱ्हाडाने लावला आहे, रिकाम्या सहा खोल्यांपुढेही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेजारच्या सात मजलीतली पाच-सहा मुले प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन दिंडीशी आली. किल्ला करायचा होता आणि त्यांच्या आवारात सगळीकडे फरशी. माती कुठेच नाही. मागच्या चौकातला ढीग त्यांनी गच्चीवरून पाहून ठेवला होता. मास्तरीणबाई ओसरीवरून उठल्या, काठी टेकत मागे गेल्या. "पांढरी माती आहे, चाळून घ्या. विटांचे खडे काढा, नाही तर बुरूज उभा राहायचा नाही," असे सांगून त्यांनी पदराच्या टोकातून चिमूटभर मोहरी दिली, किल्ल्यावर पेरायला. मुलांनी तीन खेपा केल्या. संध्याकाळी त्यांतला एक मुलगा चाळण परत करायला आला आणि विचारू लागला, "आजी, शिवनेरी झाला, पण रायगडाला माती कमी पडते. आणखी आहे का?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "अजून तीन भिंती उभ्या आहेत."